मोठी मूळ संख्या तपासताना या चुका टाळा

२३०५८४३००९२१३६९३९५१ ही एकोणीस अंकी संख्या एक्सेलच्या चौकटीत टाका आणि एंटर दाबा. शेवटचे चार अंक गायब, त्यांच्या जागी चार शून्यं. एक्सेल पंधराच अंक सांभाळतं. खरी संख्या मूळ आहे (२ चा ६१ वा घात वजा १, १८८३ मध्ये पेर्वुशिन यांनी सिद्ध केलेली), चौकटीत उरलेलीला मात्र सरळ दहाने भाग जातो! अंक मजकूर म्हणून ठेवा, हिशोब पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत करा.

तिथेही एक गंमत आहे. २^६१-१ असं लिहिलंत तर उत्तर येतं ६२. पायथॉनमध्ये ^ म्हणजे घात नव्हे, ते बिटांचं (संख्येच्या ०-१ रूपातल्या अंकांची तुलना करणारं) चिन्ह, घातासाठी ** लागतं. विभाजक वर्गमूळापर्यंतच शोधायचे असतात, ते वर्गमूळही पूर्णांकी घ्या, दशांशी घेतलं की एवढ्या मोठ्या संख्येत शेवटचे अंक घसरतात.

२ च्या घातातून १ वजा केलेल्या अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. घातांक मूळ म्हणजे संख्याही मूळ, हा समज फार जुना. खुद्द फ्रेंच गणिती मर्सेनने मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या १६४४ च्या यादीत ६७ घातला आणि ६१ गाळला, दोन्ही चूक. ११ घेऊनच बघा: २०४७ = २३ × ८९.

सगळ्यात फसवी चूक फर्माच्या कसोटीची. यात एक पाया घेऊन त्याचा (संख्या वजा १) वा घात संख्येने भागायचा, बाकी १ आली तर संख्या पास. पाया २ घेतला की हीच २०४७ बिनबोभाट पास होते. घातांक मूळ असलेली प्रत्येक मर्सेन संख्या या पायाला पास होतेच, त्यामुळे निकालातून काहीच कळत नाही. पाया ३ घेतला की २०४७ पकडली जाते. पण पास होणं हा पुरावा नव्हे. ५६१ सारख्या संख्या, पायाशी सामाईक विभाजक नसेल तर, कुठल्याही पायाला पास होतात.

मर्सेन संख्यांना लुकास-लेमर कसोटीच लावा. ४ पासून सुरुवात, दर फेरीला वर्ग करून २ वजा आणि लगेच त्या मर्सेन संख्येने भागून बाकी घ्यायची. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. बाकी शेवटी घेऊ म्हणाल तर अंक इतके फुगतात की मशीन बसतं. घातांक ७ साठी, म्हणजे १२७ ला: ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच फेऱ्या, म्हणजे घातांक वजा २. एक फेरी जास्त झाली की शून्याचे १२५ होतात आणि प्रोग्रॅम १२७ लाच संयुक्त ठरवतो. एकोणीस अंकांना हात घालण्याआधी १२७ आणि २०४७ चालवून पाहा. एक मूळ, दुसरी संयुक्त असं आलं नाही तर आधी फेऱ्या मोजा.