संगणकशास्त्रातील पीएचडीसाठी कंपन्यांची फेलोशिप कशी मिळवावी

१ जानेवारी २०२३ पासून पीएचडी करणाऱ्यांना सरकारकडून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपची रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली. तेवढ्यात महिन्याचा खर्च भागतो, परंतु परदेशातील परिषदेत शोधनिबंध मांडायचा असेल तर पैसे कमी पडतात. अशा वेळी कंपन्यांच्या फेलोशिप खरोखर उपयोगी पडतात.

प्रथम योजनेचे स्वरूप समजून घ्यावे. गूगलची पीएचडी फेलोशिप २००९ पासून दिली जाते. पुण्यात १९८१ पासून संशोधन केंद्र चालवणाऱ्या टाटा समूहातील टीसीएस भारतीय संस्थांमधील संशोधकांना साहाय्य करते. क्वालकॉमच्या योजनेत दोन विद्यार्थी मिळून एक प्रस्ताव देऊ शकतात, तर डॉक्टरेट संशोधनासाठीच्या पंतप्रधान फेलोशिपची रचना निम्मी रक्कम सरकारची आणि निम्मी कंपनीची अशी करण्यात आली. काही ठिकाणी विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करायचा नसतो, संस्थाच नावे सुचवते. तेथे विभागाची अंतर्गत मुदत कंपनीच्या मुदतीपूर्वीच संपते, म्हणून विभागात आधी चौकशी करावी. एकाच वेळी दोन फेलोशिप घेता येतात का, याचे उत्तर मात्र शैक्षणिक विभागाकडून लेखी घ्यावे.

सर्वाधिक वेळ संशोधन प्रस्तावाला द्यावा. ‘मराठी वाक्‌ओळख सुधारणे’, म्हणजे बोललेले मराठी संगणकाला अधिक अचूक ओळखता येणे, हा केवळ विषय झाला. प्रमाण मराठीवर शिकवलेली प्रणाली मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्यांचे उच्चार ओळखताना नेमकी कोठे चुकते आणि किती कमी ध्वनिमुद्रणावर ती चूक दुरुस्त होऊ शकेल, असे विचारले की तो प्रश्न होतो. प्रस्ताव वाचणारे संशोधक संगणकशास्त्रातले असले तरी तुमच्या उपशाखेतलेच असतील असे नाही, त्यामुळे पहिला परिच्छेद त्यांना संदर्भाशिवाय कळला पाहिजे. आजवर काय केले, पुढील वर्षभरात काय तपासणार आणि पहिला मार्ग फसला तर दुसरा कोणता, हे स्पष्ट लिहावे. कंपनीच्या उत्पादनाकडे विषय ओढूनताणून वळवू नये. माझ्या मते त्याने प्रस्ताव दुबळाच होतो.

शिफारसपत्र देणाऱ्यांना प्रस्तावाचा मसुदा पुरेसा आधी द्यावा. मार्गदर्शकांच्या पत्रात कामातील तुमचा स्वतःचा वाटा कोणता, हे ठळकपणे आले पाहिजे.

निवड झाल्यावर करार शांतपणे वाचावा. बौद्धिक संपदा कोणाची राहील, निबंध प्रसिद्ध करण्यापूर्वी कंपनीला दाखवावा लागेल का आणि इंटर्नशिप बंधनकारक आहे का, हे पाहावे. पेटंट घ्यायचे असेल तर अर्ज दाखल होण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध करू नये, कारण भारतीय कायद्यात आधीच्या प्रसिद्धीने नावीन्याचा दावा सहसा टिकत नाही. गोळा केलेली विदा (डेटा) सर्वांसाठी खुली ठेवण्याची इच्छा असेल, तर तसे कलम सही करण्यापूर्वीच मागावे आणि मसुदा विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षाला दाखवावा.