बोटीवर वाचायला पुस्तकं नेताय? या चुका टाळा

मुंबईहून गोव्याच्या किंवा लक्षद्वीपच्या क्रूझचं बुकिंग झालं, की साताऱ्यातल्या वाचणाऱ्या घरांत एक बेत हमखास ठरतो: राहिलेली सगळी पुस्तकं समुद्रावर निवांत संपवायची. बेत छानच आहे. बोटीवर पाहुणे नाहीत, दारावरची बेल नाही, किनारा सुटला की फोनही गप्प. तरी बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतात आणि उरलेला दिवस आडवे पडून काढतात.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे केबिनमध्ये पडून वाचणं. पान डोळ्यांसमोर स्थिर असतं आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय मात्र आपण हलतोय असं सांगत राहतं. मेंदूकडे दोन उलटसुलट निरोप जातात, आणि बोट लागते. खंबाटकी घाटात एसटीत मोबाइल बघत बसलेल्याला गाडी लागते ती याच कारणाने. म्हणून घाटात ज्यांना त्रास होतो, त्यांनी बुकिंग करतानाच बोटीच्या मधल्या भागातली, शक्यतो खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त जाणवतात. वाचायला मात्र केबिनबाहेर या. मधल्या भागात, मोठ्या खिडकीजवळ किंवा उघड्या डेकवर अशी जागा धरा, की मान वर केली की क्षितिज दिसेल. परिच्छेद संपला की नजर उचलायची, थोडा वेळ लांब बघायचं, मग पुढचा परिच्छेद.

तोंडाला पाणी सुटू लागलं, जांभया यायला लागल्या, घाम फुटला, की पुस्तक तिथल्या तिथे मिटा. ‘एवढं पान संपवतो’ म्हणणाऱ्यांचाच त्रास वाढतो. मोकळ्या हवेत जा, क्षितिजावर नजर ठेवा, कोरडी बिस्किटं खा, पाणी घोट घोट प्या. उपाशी राहणं आणि तुडुंब जेवणं दोन्ही वाईट. आल्याची वडी काहींना लागू पडते, आणि आल्याच्या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे, तेव्हा डबीभर घेऊन जायला हरकत नाही. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. वयस्कर मंडळी, गरोदर स्त्रिया आणि आधीपासून औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. समुद्र खवळलेलाच असेल तर वाचनाचा हट्ट सोडा आणि घरूनच डाउनलोड करून आणलेलं ऑडिओबुक डोळे मिटून ऐका.

दुसरी चूक हावरेपणाची. तीन रात्रींसाठी पाच जाडजूड पुस्तकं घ्यायची आणि ती संपावीत म्हणून निघायच्या आठवड्यात ‘दहापट वेगाने वाचा’ छाप अॅप उघडायचं. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो. त्या थांब्यात मोजकीच अक्षरं स्पष्ट दिसतात, त्यामुळे अख्खं पान एका नजरेत टिपण्याचे दावे खरे नाहीत. मनातल्या मनात उच्चार होतो तोही दाबू नका. कठीण मजकूर समजायला त्याचीच मदत होते. मागच्या ओळीवर परत जाणं मात्र तपासा. अर्थ लागला नाही म्हणून गेलात तर योग्यच. लक्ष उडालं म्हणून जात असाल तर वाचून झालेल्या ओळी पोस्टकार्डाने झाकत खाली या, सवय कमी होते.

वेग खरा वाढतो तो शब्दसंपत्तीने आणि विषयाच्या ओळखीने. एकाच विषयावरचं दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा भरभर जातं, तिसरं आणखी. याच्या सरावाला आपल्याकडे भिलारइतकी चांगली जागा नाही. 2017 च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं आणि तिथल्या घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत. घरोघर फिरून फोटो काढत बसू नका. एक विषय, एक घर धरा आणि दिवसभर वाचत बसा.

वेग मोजायचा तर 10 मिनिटं वाचा. ओळीत सरासरी 9 शब्द आणि 200 ओळी झाल्या, तर 1,800 शब्द, म्हणजे मिनिटाला 180. मग पुस्तक मिटून काय वाचलं ते कुणाला तरी सांगा. सांगता आलं नाही तर तो आकडा धरू नका.

बाकीच्या चुका छोट्या, पण त्रासदायक. मोठी बॅग बोटीवर चढताना घेतात आणि ती केबिनवर उशिरा पोचू शकते. पुस्तक, चष्मा, गोळ्या, ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवा. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बोटीवरच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जाऊन मोठं बिल येऊ शकतं. वाचनालयाचं पुस्तक डेकवर नेऊ नका, खाऱ्या दमट हवेत पानं फुगतात. आणि ज्या दिवशी बोट सुटते त्याच सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईत उतरायचा हिशेब करू नका. गाडीला उशीर झाला तर बोट थांबत नाही, चेक-इन तर सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. आदल्या दिवशी कोयना पकडा आणि रात्री मुंबईत मुक्काम करा.