मधुमेह असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी तपासा

उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, फार तर तीन महिन्यांची सरासरी, एवढ्यावर बहुतेकांची मधुमेहाची तपासणी संपते. किडनीचं विचारलं तर 'क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आहे' म्हणतात. पण किडनी बिघडताना दुखत नाही, आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. पुष्कळांमध्ये त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन झिरपायला लागतं. ही गळती हृदयासाठीही धोक्याची खूण आहे. किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांना झळ पोचली, तर हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्याही सहसा सुटलेल्या नसतात. अशा रुग्णांत डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने दगावणारे जास्त.

लॅबमध्ये 'युरिन एसीआर' (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) असं नाव घेऊनच सांगा. पट्टीवरच्या साध्या तपासणीत थोडं अल्ब्युमिन सापडत नाही. सकाळची पहिली लघवी द्या, सुरुवातीची धार सोडून. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी, टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर दरवर्षी. आकडा ३०च्या आत (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) असेल तर ठीक. ३०० च्या वर गेला तर गळती मोठी आहे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही आकडा फुगतो. म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नका. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वाढलेला आला तरच तो खरा धरतात.

सोबत ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, हवाच, कारण काहींची किडनी अल्ब्युमिन न गळताही मंदावते. क्रिएटिनिन १.२ हाच आकडा तिशीतल्या पुरुषात ईजीएफआर सुमारे ८३ दाखवतो, आणि ६५ वर्षांच्या बाईत सुमारे ५०. तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार. रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्या.

बीपी साधारण १३०/८० च्या आत असावं. घरी मोजताना चहा, तंबाखू, चालणं आधी अर्धा तास नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर बीपी उगाच जास्त दिसतं.

दिवसभराचं मीठ सगळं मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. लोणचं, पापड, फरसाण याच हिशोबात. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

अल्ब्युमिन वाढलेलं असेल तर रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांसारखी गोळी देतात. ती बीपीबरोबर गळतीही कमी करते. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर सहसा चालतं. घाबरून गोळी सोडणं ही नेहमीची चूक. गरोदरपणात मात्र ही औषधं चालत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या किडनी आणि हृदय दोन्ही जपतात. त्या आपल्याला चालतील का, आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन लागतंच का, हेही डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीसोबत ती किडनीला फार महागात पडतात. जुलाब-उलट्या होत असतील तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आणि औषध न बदलता साखर अचानक उतरू लागली, पूर्वीपेक्षा कमी इन्सुलिन पुरू लागलं, तर मधुमेह बरा होतोय असं समजू नका. किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. त्याच आठवड्यात क्रिएटिनिन तपासा आणि डोस कमी करून घ्या.