क्रिलच्या आकड्यांवर काम सुरू करण्याआधी

दक्षिण महासागरातली मासेमारी आणि तिथले वन्यजीव या विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अंटार्क्टिकाला जायला मिळेल का? मिळेलही. नाही मिळालं तरी काही अडत नाही. या कामाचा मोठा भाग दुसऱ्यांनी जहाजावर भरलेल्या नोंदी चाळण्यात जातो. त्याचाच कंटाळा येणार असेल, तर आत्ताच दुसरा विषय बघा.

क्रिल म्हणजे कोळंबीसारखे छोटे सागरी जीव आणि सीसीएएमएलआर म्हणजे अंटार्क्टिकाभोवतालच्या सागरी जीवांचं संवर्धन बघणारा आंतरराष्ट्रीय आयोग, हे तुम्ही वाचलेलं असणारच. १९८२ पासून लागू असलेला करार, होबार्टमधलं कार्यालय, सगळे निर्णय सर्वसहमतीने, एवढं पुरे. तो करार मासेमारी बंद पाडण्यासाठी नाही. मासे धरा, पण त्यांच्यावर जगणाऱ्यांचा वाटा आधी बाजूला काढा, असा त्याचा एकूण रोख आहे. म्हणून टूथफिश या तिथल्या मोठ्या शिकारी माशाच्या बाबतीत मूळ साठ्याच्या निम्मा हिस्सा समुद्रात राहावा असं धरतात, तर क्रिलच्या बाबतीत ७५ टक्के. पेंग्विन, सील, देवमासे यांचं पोट त्यावर भरतं.

आता सापळ्याकडे येते. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण मी त्यात पुरती अडकले होते आणि तेव्हा काढलेल्या आलेखाची आठवण झाली की अजूनही पोटात गोळा येतो.

नवखा माणूस जहाजांच्या नोंदी हातात घेतो. किती तास जाळं पाण्यात होतं, किती टन क्रिल आलं. टनांना तासांनी भागलं की सीपीयूई, म्हणजे दर तासाच्या मेहनतीमागची पकड, मिळतो. वर्षामागून वर्ष मांडला की छान रेषा येते. रेषा सपाट किंवा चढती दिसली की वाटतं, साठा धडधाकट आहे. इथेच फसगत होते. क्रिल समुद्रात सारखं पसरलेलं नसतं, ते दाट थव्यांनी राहतं. कप्तान काही डोळे मिटून जाळं टाकत नाही. तो इको साउंडरवर, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर, थवा बघतो आणि मग टाकतो. समुद्रातले निम्मे थवे नाहीसे झाले तरी उरलेल्या थव्यात जाळं तितकंच भरेल. वाढतो तो थवा शोधण्याचा वेळ, आणि नेमका तोच तुमच्या भागाकारात धरलेला नसतो. म्हणजे तुमची रेषा साठा मोजत नाही, कप्तानाचं कसब मोजते.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं असंच झालं. व्यावसायिक जहाजांची पकड चांगली दिसत राहिली, साठा आतून पोखरत गेला आणि १९९२ मध्ये मासेमारीच थांबवावी लागली. क्रिलमध्ये आणखी एक गुंता आहे. काही जहाजं जाळं वर न काढता पंपाने सतत क्रिल ओढतात. मग ‘एकदा जाळं टाकलं’ म्हणजे नेमकं किती? नोंदीत दोन-दोन तासांचे तुकडे पाडलेले असतात. अशा जहाजांचे आणि दर वेळी जाळं वर काढणाऱ्या जुन्या ट्रॉलरांचे आकडे एकाच रकान्यात ओतले, तर रेषेतला चढ निव्वळ यंत्राचा असू शकतो. म्हणून आलेख काढायच्या आधी जहाजानुसार, पद्धतीनुसार, महिन्यानुसार नोंदी वेगळ्या करा आणि नकाशावर ठेवून बघा. दिसायला फालतू काम आहे, पण ते चुकवू नका.

मग सर्वेक्षणांवर भरवसा ठेवावा का? ठेवावा, पण सांभाळून. अटलांटिकच्या बाजूच्या ४८ क्रमांकाच्या क्षेत्रात २००० साली मोठं ध्वनी-सर्वेक्षण झालं. त्याच माहितीवरून आधी सुमारे ४.४ कोटी टन, नंतर ३.७ कोटी आणि अखेरीस ६ कोटी टन क्रिल असल्याचा अंदाज निघाला. क्रिल तेवढंच, बदलला तो प्रतिध्वनीवरून वजन काढण्याचा हिशेब. क्रिलला माशांसारखा वाताशय (शरीरातली हवेची पिशवी) नसतो, त्यामुळे प्रतिध्वनी क्षीण येतो. शिवाय ते किती तिरकं पोहतंय यावरही तो बदलतो. २०१९ च्या सर्वेक्षणात ६.२६ कोटी टन आले. या दोन आकड्यांना जोडून ‘साठा स्थिर’ असं लिहिणारे पेपर दिसले की मी पुढे वाचत नाही.

हे वाचून घाबरू नका. असं खाचखळग्यांचं क्षेत्र आहे म्हणूनच नव्या माणसाला इथे जागा आहे. जुन्या आकड्यांची नुसती नीट छाननी केली तरी दखल घेण्याजोगं काम होतं.

‘पकड साठ्याच्या जेमतेम एक टक्का आहे’ हा युक्तिवादही लवकरच कानावर येईल. या क्षेत्रासाठी ठरलेली हंगामाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा ६ कोटींपुढे खरंच किरकोळ दिसते. पण जहाजं साऱ्या महासागरात विखुरलेली नसतात. ती अंटार्क्टिक द्वीपकल्पालगतच्या ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत किंवा साउथ ऑर्कनी बेटांजवळ दाटी करतात आणि पिल्लं सांभाळणारा पेंग्विन तिथून फार लांब जाऊ शकत नाही. ही मर्यादा उपक्षेत्रांत वाटून देणारा नियम २०२४ मध्ये संपला. त्याच्या मुदतवाढीवर सहमती झाली नाही. पुढच्याच हंगामात, २०२५ मध्ये, पहिल्यांदा पूर्ण मर्यादा गाठली गेली आणि हंगाम उरलेला असतानाच मासेमारी बंद करावी लागली. विषय हवा असेल तर इथे शोधा. पेंग्विनच्या बाजूने लागणारी आकडेवारी सीसीएएमएलआरच्या परिसंस्था निरीक्षण कार्यक्रमात मिळते: किती पिल्लं जगली, आईबाप खाणं आणायला किती वेळ बाहेर राहिले, घरटं सोडताना पिल्लाचं वजन किती.

गाईडबद्दल माझं मत जरा तिखट आहे. मोठ्या नावापेक्षा, कच्च्या नोंदी तुमच्यापुढे टाकून ‘यात काय गडबड आहे सांग’ म्हणणारा गाईड बघा. तयार कोड देणारा गाईड पहिलं वर्ष सोपं करतो आणि तिसरं वर्ष बुडवतो. ड्रोनच्या फोटोंवरून पेंग्विन मोजणारं मॉडेल सगळ्यांनाच करायचंय. करा, पण वसाहतीत उभं राहून हाताने मोजलेले आकडे शेजारी नसतील तर ते मॉडेल बरोबर मोजतंय हे कशावरून ठरवणार?

जमलं तर एखादा हंगाम मासेमारी जहाजावर वैज्ञानिक निरीक्षक म्हणून काढा. काम थकवणारं आहे, झोपेचे हाल होतात, उलट्यांचं विचारू नका. पण नोंदीतला रकाना कोण, कधी आणि कुठल्या अवस्थेत भरतो हे तिथेच कळतं. साउथ जॉर्जिया बेटाभोवती लाँगलाइनच्या, म्हणजे मासे धरायला सोडलेल्या लांबलचक दोरीच्या, गळांना अडकून एकेकाळी हजारोंनी समुद्रपक्षी मरत. रात्री गळ सोडणं, दोरीला वजनं, पक्षी बिचकवणाऱ्या फिती आणि हंगामाचं बंधन, एवढ्याने ती संख्या जवळजवळ शून्यावर आली. त्यामागे अशाच निरीक्षकांच्या नोंदी होत्या.

तपशीलवार पकड-नोंदी मागायच्या तर सीसीएएमएलआरकडे रीतसर अर्ज करावा लागतो आणि ज्या देशांची ती माहिती आहे त्यांना विचारलं जातं. याला वेळ लागतो. अर्ज पहिल्याच सत्रात टाका, आणि माहिती हाती येईपर्यंत त्यांच्या संकेतस्थळावरच्या खुल्या सांख्यिकी पत्रकावर हात बसवा. सदस्य देशांतल्या नव्या संशोधकांसाठी त्यांची शिष्यवृत्तीही आहे. तिच्या अर्जात ‘मला पेंग्विन आवडतात’ हे वाक्य टाकू नका, तुमचा प्रश्न लिहा.