शूटवरच्या माणसांचा विमा: डब्ल्यूसी पॉलिसी काढताना या चुका टाळा

भोसरीतल्या एका कारखान्याची कॉर्पोरेट फिल्म करत होतो. जेवणाची सुट्टी संपत आली होती. लाइटमन शिडीवर चढून बाउन्ससाठी (प्रकाश परतवून टाकायला) थर्माकोल बांधत होता आणि शिडीचा एक पाय खाली पसरलेल्या केबलवर टेकला होता. आठ फुटांवरून तो खाली आला. मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. माझ्याकडे डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर इजा झालेल्या माणसाच्या भरपाईची) पॉलिसी होती, प्रीमियमही वेळेवर भरलेला. पण तिच्यात माणसं चारच होती: दोन कॅमेरामन, एक एडिटर, एक ऑफिसबॉय. लाइटमन वेंडरकडून शिफ्टवर आलेला, त्यामुळे त्याचं नाव कुठेच नाही. ऑपरेशनचे पैसे माझ्या खिशातून गेले. त्या फिल्मचा नफा त्याहून कमी होता.

त्या दिवशी कॅमेरा आणि लेन्सचा मात्र पूर्ण विमा होता. आपल्या धंद्यात बहुतेक ठिकाणी हेच चित्र दिसतं.

कामावर माणसाला इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. बाजारात अजून सगळे डब्ल्यूसीच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. चूक कोणाची होती, हा प्रश्न इथे सहसा येत नाही. अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला, एवढं पुरतं.

आता खर्चाचं बघू. प्रीमियमचं गणित साधं आहे: वर्षभराचं वेतन गुणिले कामाच्या वर्गाचा दर. त्यामुळे प्रीमियम खाली आणायचा म्हटला की सगळ्यांचा हात आधी वेतनाच्या रकान्याकडे जातो. सगळ्यात महाग चूक हीच. समजा, लाइट विभागाचं वर्षाचं वेतन ६ लाख आहे आणि दर हजारी २० रुपये धरला (दर कंपनीनुसार बदलतो, हा आकडा फक्त हिशेबापुरता). प्रीमियम १२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एजंट म्हणतो, “साहेब, तीन लाखच दाखवू, कोण बघतंय?” वाचले ६,००० आणि थोडा जीएसटी.

बघतात. क्लेम आला की बघतात. वेतनपत्रक, बँक स्टेटमेंट, व्हाउचर, सगळं मागतात. कमी वेतन दाखवलेलं असेल तर कंपनी त्या प्रमाणात हात आखडता घेऊ शकते आणि उरलेली रक्कम तुमच्या गळ्यात पडते. ती किती असते तेही पाहा. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. हिशेबासाठी धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ८,००० वरून १५,००० झाली. तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० च्या जागी ६० टक्के. देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दंड विमा कंपनी भरत नाही. व्याज भरते की नाही हे पॉलिसीतल्या कलमावर अवलंबून असतं. ते कलम सही करण्याआधी वाचा. मी वाचलं नव्हतं.

“पण तो एकाच दिवसासाठी आला होता” हे वाक्य मीही बोललोय. त्याचा उपयोग होत नाही. महिन्याभरापेक्षा कमी काम केलेल्या माणसाचं मासिक वेतन त्याच कामावरचे इतर लोक काय कमावतात त्यावरून काढतात. शिफ्ट एक असली तरी भरपाई एका शिफ्टची नसते.

वेंडरची माणसं वेंडरची जबाबदारी, हा दुसरा गैरसमज. लाइट, जिमी जिब (कॅमेऱ्याची लांब क्रेन), जनरेटर, स्पॉट (सेटवरची वरकामं) या सगळ्यांबरोबर माणसं येतात. ते काम तुमच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल आणि अपघात तुमच्या ताब्यातल्या जागेवर झाला असेल, तर जखमी माणूस थेट तुमच्याकडे भरपाई मागू शकतो. नंतर तुम्ही वेंडरकडून वसूल करा, कायदा आड येत नाही. पण ज्याचं गोडाऊन भाड्याचं आणि लाइटही हप्त्यावरचे, त्याच्याकडून पंधरा लाख कसे वसूल होणार? म्हणून दोन गोष्टी करा. वेंडरला अॅडव्हान्स देण्याआधी त्याच्या डब्ल्यूसी पॉलिसीची चालू प्रत मागा आणि मुदतीची तारीख बघा. आणि तुमच्या पॉलिसीत कंत्राटदाराच्या माणसांचं वाढीव कव्हर घ्या. त्यासाठी वर्षभरात वेंडरना मजुरीपोटी अंदाजे किती जातात तो आकडा लागतो. तो काढायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली, कारण बिलात लाइटचं भाडं आणि माणसांची शिफ्ट एकाच ओळीत होती. आता वेगळ्या ओळी मागतो.

काही जण वेंडरच्या माणसांकडून “मी स्वतःच्या जबाबदारीवर काम करत आहे” असं पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतात. पाचशे रुपये वाया. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानेच रद्दबातल आहे.

ग्रुप अपघात विमा किंवा मेडिक्लेम आहे म्हणून डब्ल्यूसी नको, असंही ऐकतो. अपघात विम्याचे पैसे माणसाला मिळतात ते वेगळे, मालकाची कायदेशीर जबाबदारी त्याने फिटत नाही. उलट, डब्ल्यूसीत दवाखान्याच्या खर्चाचं कव्हर बऱ्याचदा वेगळं मागून घ्यावं लागतं आणि त्याला रकमेची मर्यादा असते. माझ्या लाइटमनसारख्या केसमध्ये सगळा खेळ त्या एका ओळीवर असतो.

प्रीमियम खरंच कमी करायचा असेल तर सरळ मार्ग आहेत. दिवसभर एसीत बसणारा एडिटर आणि क्रेनवर चढणारा माणूस एकाच वर्गात टाकलेले असतील तर वेगळे करून घ्या. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असलेल्यांचं (वेतन २१,००० पर्यंत, आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं) वेतन या पॉलिसीत धरू नका. त्यांची भरपाई ईएसआयकडून येते, तुम्ही उगाच दोनदा भरता. आणि वर्षअखेरीला प्रत्यक्ष वेतनाचा तक्ता कंपनीला द्या. काम कमी झालं असेल तर पॉलिसीच्या अटींनुसार काही परत मिळू शकतं. बहुतेक जण तो तक्ता देतच नाहीत.

पॉलिसीवर कामाचं ठिकाण काय लिहिलंय तेही बघा. “कार्यालय, कोथरूड” एवढंच असेल आणि शूट गोव्याच्या किनाऱ्यावर, तर वाद ठरलेला. “भारतात कुठेही” असं लिहून घ्या. येण्याजाण्याचाही विचार करा. पहाटे ड्युटीवर निघालेल्या, धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाटेतला अपघात कामावरचाच धरला, कारण वेळ, जागा आणि काम यांचा संबंध जुळत होता. नव्या संहितेत तशी तरतूदच आहे. पॅकअप रात्री दोनला आणि सकाळचा कॉल सहाचा, असं वेळापत्रक लावणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

वाईटात वाईट घडलं आणि माणूस गेला, तर घरच्यांच्या हातात रोख देऊन विषय मिटवू नका. मदत जरूर करा, पण मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे नव्या भाषेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही आणि तीच पुन्हा भरायची वेळ येते. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेलने कळवा, फोनवर एजंटला सांगून थांबू नका.

माझ्या कॉल शीटमध्ये (शूटच्या दिवसाचं वेळापत्रक आणि माणसांची यादी) आता नाव, काम, शिफ्टचा दर, कोणाकडून आला आणि जन्मवर्ष असे पाच रकाने असतात. जन्मवर्ष गुणांकासाठी. परवा एका नव्या स्पॉटदादाने विचारलं, “साहेब, वाढदिवस करणार का?”