हौशी लीगचे नियम मोसमाआधी कसे लिहावेत

दिवाळीनंतर ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या गृहसंकुलांमध्ये बॉक्स क्रिकेटच्या लीग भरू लागतात. जर्सी छापण्यासाठी आणि चषक आणण्यासाठी दहा जण पुढे येतात, परंतु नियम लिहिण्याचे काम ‘वेळ आली की बघू’ या शब्दांवर अडून राहते. हे दुर्लक्ष किती महाग पडते, हे पाहायचे असेल तर कॅनडातील बर्फावरच्या हॉकीचा १९०४ चा मोसम अभ्यासावा. तेथील भांडणे आपल्याकडच्या भांडणांशी विलक्षण जुळतात.

पहिला नियम उशीर आणि अर्धवट सामना यांविषयी लिहावा, कारण निम्मे वाद येथूनच सुरू होतात. स्टॅन्ले चषक, म्हणजे तेथील हॉकीतला सर्वांत मानाचा चषक, तेव्हा ओटावा संघाकडे होता. ३० जानेवारी १९०४ रोजी मॉन्ट्रियलमध्ये व्हिक्टोरियाज संघाशी होणाऱ्या सामन्यासाठी हा संघ उशिरा पोहोचला, आणि मध्यरात्री खेळ थांबवला गेला तेव्हा तो ४-१ असा पुढे होता. कॅनेडियन ॲमॅच्युअर हॉकी लीगने सामना पुन्हा खेळण्याचा आदेश दिला. ओटावाने तो मानला नाही आणि फेब्रुवारीत लीगच सोडली. लीगचे विजेतेपद पुढे क्वेबेकला मिळाले, पण चषक ओटावाकडेच राहिला, म्हणजे विजेता एकीकडे आणि मानाचा चषक दुसरीकडे अशी अवस्था झाली.

आमच्या लीगमध्येही असेच घडले. आठ ते नऊचा स्लॉट होता, पाहुणा संघ कापूरबावडीच्या वाहतुकीत अडकला आणि पहिला चेंडू आठ पंचविसाला पडला. नऊ वाजता पुढच्या स्लॉटची मुले बॅटा घेऊन जाळीबाहेर उभी राहिली, टर्फवाल्याने दिव्यांच्या बटणाकडे बोट दाखवले आणि दुसऱ्या डावातील चौथ्या षटकात खेळ थांबला. दोन्ही संघ स्वतःला विजयी समजून घरी गेले. तेव्हापासून आम्ही पुढील मजकूर शब्दशः ठेवतो: ‘ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांत किमान पाच खेळाडू मैदानात नसल्यास नाणेफेक प्रतिस्पर्ध्याची, वीस मिनिटांनंतर सामना प्रतिस्पर्ध्याला. दुसऱ्या डावाची तीन षटके पूर्ण झाली असल्यास दोन्ही संघांच्या तेवढ्याच षटकांच्या धावा पाहून निकाल. त्याहून कमी झाली असल्यास एकेक गुण, सामना पुन्हा होणार नाही.’ शेवटचे चार शब्द गाळू नयेत.

बरोबरीचा नियम लिहिताना जागासुद्धा लिहावी. १८९४ मध्ये कॅनडातील हॉकीच्या स्पर्धेत चार संघ समान गुणांवर आले. निर्णायक सामने कुठे खेळवायचे यावर एकमत न झाल्याने क्वेबेकने माघार घेतली आणि अखेर मॉन्ट्रियलने ओटावाला ३-१ असे हरवले. दहा वर्षांनीही धडा घेतला गेला नव्हता. मार्च १९०४ मध्ये ओटावा आणि मॉन्ट्रियल वाँडरर्स यांचा स्टॅन्ले चषकासाठीचा सामना ५-५ असा बरोबरीत सुटल्यावर, त्याच पंचाच्या हाताखाली जादा वेळ खेळण्यास वाँडरर्सनी नकार दिला. चषकाच्या विश्वस्तांनी ओटावात नवी मालिका ठरवली. वाँडरर्सना मात्र तो सामना मॉन्ट्रियलमध्येच पुन्हा हवा होता, आणि त्यांनी मालिकेवर पाणी सोडले. आपल्याकडे सुपर ओव्हर आहे, तरी उपांत्य फेरीचे टर्फ कोणते आणि त्याचे भाडे कोण भरणार, हे आधीच लिहून ठेवावे.

पंचाचा निर्णय अंतिम, एवढे लिहून भागत नाही. निर्णय न पटल्यास संघाने काय करायचे, तेही लिहावे लागते. फेब्रुवारी १८९९ मध्ये याच चषकाच्या सामन्यात विनिपेगच्या गिंग्रासला काठीचा फटका बसला, तेव्हा पंच फिंडले यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकडूगलला केवळ दोन मिनिटांची शिक्षा दिली. विनिपेगने खेळण्यास नकार दिला, पंच रागावून घरी गेले, त्यांची समजूत घालून त्यांना परत आणावे लागले, आणि पंधरा मिनिटांच्या मुदतीतही विनिपेग न उतरल्याने सामना मॉन्ट्रियलला देण्यात आला. आमच्या नियमानुसार कर्णधाराने गुणपत्रिकेवर ‘हरकत’ असे लिहून सही करावी आणि सामना पूर्ण खेळावा. मैदान सोडून पाच मिनिटे झाली की वॉकओव्हर. (पंच कोणाच्या तरी मेहुण्याला करू नये, हे कागदावर लिहिता येत नाही, पण पाळता येते.)

नव्या संघाला प्रवेश कोणाच्या मताने द्यायचा, हे संयोजक हमखास विसरतात. जुन्या संघांचा विरोध असताना ओटावा कॅपिटल्सला वरिष्ठ गटात घेतल्यामुळेच डिसेंबर १८९८ मध्ये हॉकीची आधीची संघटना फुटली आणि वर उल्लेखलेली कॅनेडियन ॲमॅच्युअर हॉकी लीग जन्माला आली. आम्ही प्रत्येक संघाला एक मत देतो आणि पहिल्या सामन्यानंतर प्रवेश बंद करतो.

हा कागद दोन पानांहून मोठा करू नये. प्रवेश फी घेण्याआधी प्रत्येक कर्णधाराची त्यावर सही घ्यावी आणि एक प्रत प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून गुणलेखकाच्या टेबलावर ठेवावी, कारण रात्री नऊ वाजता मोबाइलमध्ये पीडीएफ शोधत बसायला कोणालाही सवड नसते.