टॅक्सी बंद, घड्याळ चालू: सोसायटीसाठी मुंबईभर शर्यत कशी भरवावी

‘द अमेझिंग रेस’ ही टीव्हीवरची शर्यत अमेरिकेत २००१च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. दोघादोघांच्या जोड्या, देशोदेशीचे टप्पे, प्रत्येक टप्प्यावर एखादं काम, शेवटी पोचणारी जोडी बाहेर आणि जिंकणाऱ्या जोडीला १० लाख डॉलर. जे ही शर्यत मन लावून बघतात त्यांच्याकडे तिच्यात काय सुधारायला हवं याची यादी तयार असते. आमच्या घरात तर जेवताना त्यावर वाद होतात. चांगली जोडी टॅक्सीवाल्याला पत्ता सापडला नाही म्हणून गेली, कमावलेली आघाडी दुसऱ्या दिवशी बंद दरवाजासमोर वाया गेली, एकमेकांना अडवण्याच्या नियमाने चांगली माणसं कडवट झाली. या सगळ्या सूचना खऱ्या किती आहेत ते स्वतः शर्यत भरवल्याशिवाय कळत नाही. परळच्या आमच्या सोसायटीत आम्ही ती भरवतो. तुम्हालाही भरवता यावी म्हणून काय करायचं ते सांगतो.

मी बेस्टमध्ये स्टार्टर होतो. चौकीत बसून गाड्या वेळेवर सोडायच्या, आलेल्या गाडीची वेळ टिपायची, दोन गाड्यांमधलं अंतर सांभाळायचं, हे काम नोकरीभर केलं. त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे: जोडी हरावी ती स्वतःच्या निर्णयामुळे किंवा हातून काम झालं नाही म्हणून. सिग्नल, ड्रायव्हर आणि रांग यांच्यामुळे कुणी हरू नये.

म्हणून सगळ्यात आधी टॅक्सी, रिक्षा आणि अॅपवरच्या गाड्या बंद करा. लोकल, बेस्ट, मेट्रो आणि पाय, एवढंच. रेल्वेचं एक दिवसाचं टुरिस्ट तिकीट काढून द्या, म्हणजे खिडकीवरच्या रांगेचा प्रश्न मिटतो आणि पश्चिम, मध्य, हार्बर तिन्ही मार्ग खुले राहतात. बसच्या सुट्ट्या पैशांचं पाकीट प्रत्येक जोडीला सारखंच द्या. काहींना वाटेल, सगळ्यांना एकच वाहन दिलं की रंगत जाते. मोठ्या शर्यतीत तसं झालंही. करोनामुळे २०२०च्या फेब्रुवारीत ३३व्या पर्वाचं चित्रीकरण थांबलं आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं तेव्हा सगळ्या जोड्यांना एकाच खास विमानाने नेलं. विमानतळावरची तिकिटांची धावपळ नाहीशी झाली आणि बघणाऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. पण मुंबईच्या लोकलमध्ये निवड भरपूर आहे. दादरहून महालक्ष्मीला पाठवा आणि बघा. घाईघाईत चर्चगेट फास्ट पकडणारी जोडी महालक्ष्मी डोळ्यांदेखत मागे टाकून मुंबई सेंट्रलला उतरते आणि उलटी येते. फलाटावर दोन मिनिटं थांबून इंडिकेटर वाचणारी, कुणाला तरी विचारणारी जोडी स्लोने आधी पोचते. ही चूक जोडीची स्वतःची असते, म्हणून हरल्यावर कुणी तक्रार करत नाही.

फोन पाकिटात बंद करून त्यावर सही घ्या. मूळ शर्यतीतही स्पर्धकांकडे फोन नसतो, आणि तो नसला की माणसं माणसांना विचारू लागतात. फोन चालू मात्र राहू द्या. संकटात पाकीट फोडता येतं, आणि व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन सलग ८ तास चालतं, तेवढ्यात शर्यत संपते. घरी बसलेले आजी-आजोबा आणि गच्चीवरची मुलं त्यावर कोण कुठे आहे ते बघतात. टीव्हीवर नेमकं हेच मिळत नाही. दोन जोड्यांमध्ये खरं अंतर किती, ५ मिनिटं की ३ तास, हे संकलनात लपवतात आणि खोटी चुरस दाखवतात. पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा आणि मिनिटं दाखवा, ही प्रेक्षकांची मागणी मला पूर्ण पटते.

दिवस निवडताना रविवार टाळा. सगळ्यांना सुट्टी असते खरी, पण गाड्या कमी आणि वर मेगाब्लॉक. ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आधी जाहीर होतं, तरी सगळा मार्ग त्याप्रमाणे बदलत बसावं लागतं. दुसरा किंवा चौथा शनिवार चांगला, बँकवाल्यांनाही सुट्टी असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत भरवा. पावसाळ्यात मुळीच नको. सकाळची ऑफिसची गर्दी ओसरल्यावर पहिली जोडी सोडा आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत शेवटची परत आणा.

आता सोडण्याबद्दल. सगळ्यांना एकदम सोडू नका. टीव्हीवर छान दिसतं, पण सोसायटीच्या गेटातून १० जोड्या एकदम सुटल्या की एकाच गाडीत चढतात आणि पहिल्या कामावर एकाच वेळी कोसळतात. दर ५ मिनिटांनी एक जोडी सोडा आणि प्रत्येकीचा वेळ तिच्या सुटण्यापासून मोजा. जुन्या पर्वांमध्ये जोडी ज्या वेळी विश्रांतीच्या जागी पोचायची, त्यानंतर बरोबर १२ तासांनी तिला पुढे सोडायचे. ती पद्धत मला अजूनही सगळ्यात न्याय्य वाटते. कमावलेली १० मिनिटं १० मिनिटंच राहतात.

बंद दरवाजाचं बघून ठेवा. काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं. त्याच्या आधी पोचलेल्या सगळ्या जोड्या पायरीवर एकत्र उभ्या राहणार आणि आघाडी शून्य होणार. असं ठिकाण घ्यायचंच असेल तर मार्गाच्या मध्यावर टाका.

रांगेचं गणित हा माझा आवडीचा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बसच्या रूटवर किती गाड्या लागतात ते असं काढतात: जाऊन-येऊन फेरीला लागणारा वेळ भागिले दोन गाड्यांमधलं अंतर. फेरी १२० मिनिटांची आणि दर १० मिनिटांनी गाडी हवी, तर १२ गाड्या लागतात. कामाच्या जागेलाही हेच लागू पडतं. गजरा करायला एका जोडीला १५ मिनिटं लागतात आणि दर ५ मिनिटांनी एक जोडी येते, तर कुठल्याही क्षणी ३ जोड्या तिथे बसलेल्या असणार. म्हणजे दोरा, सुई, फुलं यांचे ३ संच हवेत. चौथा जादा ठेवा. संच २च असले तर तिसरी जोडी थांबते, तिच्यामुळे चौथी जास्त थांबते, आणि शेवटच्या जोडीपर्यंत ही दिरंगाई फुगत जाते. स्टॉपवर अर्धा तास बस येत नाही आणि मग एकामागोमाग तीन येतात ना, ते याच कारणाने. पहिली गाडी उशिरा पोचली की तिच्यासाठी माणसं जास्त जमलेली असतात, चढायला वेळ जातो, ती आणखी मागे पडते आणि मागची रिकामी गाडी तिला येऊन भिडते. रांग लागतेच अशी जागा टाळता येत नसेल, तर तिथल्या माणसाकडे कागद द्या. आल्याची वेळ आणि काम सुरू झाल्याची वेळ दोन्ही लिहायला सांगा. मधली मिनिटं एकूण वेळेतून वजा करा.

कामं कशी निवडायची? प्रेक्षकांची सगळ्यात जुनी तक्रार नशिबाच्या कामांबद्दल आहे. सहाव्या पर्वात स्वीडनमध्ये शेतात २७० गवताचे भारे होते आणि त्यातल्या फक्त २० भाऱ्यांत पुढची चिठ्ठी होती. एक मुलगी आठ तासांहून जास्त वेळ भारे उलगडत राहिली, शेवटी सूत्रसंचालकालाच शेतात येऊन तिची जोडी बाद झाल्याचं सांगावं लागलं. ती कष्ट करण्यात कुठेच कमी पडली नव्हती. असं काम आपण ठेवायचं नाही. शिकून करता येईल, जीव ओतला तर लवकर होईल, असंच काम ठेवा.

दादरच्या फुलांच्या मंडईत आम्ही दोन पर्याय देतो, जोडीने एक निवडायचा. एक, झेंडूचं तोरण ओवायचं, आंब्याच्या पानांसकट, दाराच्या मापाचं. दुसरा, पत्री ओळखायची. दूर्वा, बेल, तुळस, आघाडा, शमी, रुई, माका अशी सात पानं एकत्र मिसळलेली, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी बरोबर लावायची. शमी आणि आघाडा एरवी सहज मिळत नाहीत, तेव्हा पत्री विकणाऱ्या मावशींना चार दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. दोन्ही पर्यायांना सारखाच वेळ लागला पाहिजे. शर्यतीत नसलेल्या चारजणांकडून दोन्ही कामं आधी करून घ्या आणि घड्याळ लावा. एक काम दुसऱ्याच्या दुप्पट वेळ घेत असेल तर तो पर्याय राहत नाही.

डबेवाल्यांची खूण वाचायचं काम मला फार प्रिय आहे. झाकणाच्या मध्यावर डबा ज्या भागात पोचवायचा त्याचा मोठा आकडा, कडेला इमारत आणि मजला, आणि डबा कुठल्या उपनगरातून उचलला त्याची अक्षरं. हे कुणीतरी नीट समजावून सांगितलं की १० मिनिटांत डोक्यात बसतं. खऱ्या डब्यांना हात लावायचा नाही. जुन्या डब्यांची झाकणं घेऊन स्वतः रंगवा आणि हे काम बागेत ठेवा. चर्चगेटबाहेर डब्यांची वाटणी चालू असताना त्यांच्या पायात पायात करणं पाप आहे, त्यांचा एकेक मिनिट मोजलेला असतो.

काम शिकवणाऱ्या माणसांबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. २००३ साली चौथ्या पर्वात ही शर्यत मुंबईत आली होती. भारतात ती कुठेही आली की पडद्यावर गर्दी, भोंगे आणि घाम दिसतो, आणि काम शिकवणारा माणूस क्षणभर दिसून जातो. त्याचं नाव कळत नाही, तो काय म्हणाला ते कळत नाही. मोठ्या कार्यक्रमासाठी माझी एकच सूचना निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन: काम शिकवणाऱ्यालाच परीक्षक करा, त्याचं नाव सांगा, त्याने काम का नापास केलं ते त्याच्या तोंडून ऐकू द्या. आपल्या शर्यतीत हे करणं सोपं आहे. तोरण सैल आहे की घट्ट हे फुलवाली मावशी ठरवेल, आपला स्वयंसेवक नाही. तिने नापास केलं की वाद नाही.

आणि तिच्या वेळेचे पैसे द्या. शनिवारी दुपारी तिच्या गाळ्यासमोर आपल्या १० जोड्या बसल्या तर तिचं गिऱ्हाईक हटतं. त्या वेळात तिची एरवी कमाई किती होते ते आधी विचारा, तेवढी रक्कम आदल्या दिवशी हातात ठेवा. फुलांचे पैसे वेगळे. दसऱ्याच्या, गणपतीच्या किंवा मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या आधी मंडईत पाऊल टाकू नका. महालक्ष्मीच्या धोबीघाटात जायचं असेल तर तिथल्या मंडळींशी स्वतः जाऊन बोला. ते त्यांचं कामाचं ठिकाण आहे आणि अनेकांचं घरही. परवानगी नाही मिळाली तर पुलावरून बघून उत्तर देता येईल असा प्रश्न ठेवा. गिरगावात खोताच्या वाडीत शोधाशोध ठेवू नका. लोक दुपारी विश्रांती घेत असतात.

जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडा. ‘ए’ विंगमधला एक, ‘सी’ विंगमधला एक, शक्य तर एक पन्नाशीच्या पुढचा आणि एक कॉलेजातला. टीव्हीवर ओळखीचे चेहरे आणण्यापेक्षा साधी माणसं आणा असं प्रेक्षक म्हणतात ते याचसाठी, माणसं एकमेकांना ओळखत जातात ते बघायला आवडतं. एकट्याने करायची कामं दोघांत निम्मी वाटलीच पाहिजेत. मोठ्या शर्यतीतही सहाव्या पर्वापासून एकाने किती करायची यावर मर्यादा आली.

दुसऱ्या जोडीला मागे पाठवायचा किंवा थांबवायचा नियम घेऊ नका. उद्या त्याच लिफ्टमध्ये भेटायचं आहे. मागे पडली म्हणून जोडी बाद करणंही नको, सगळ्यांना शेवटपर्यंत जाऊ द्या. आज कुणी बाहेर जाणार की नाही हे टीव्हीवर शेवटच्या क्षणी कळतं, त्यावरही प्रेक्षक चिडतात. तुम्ही नियम आधीच कागदावर देऊन टाका.

दंड मात्र कडक ठेवा. फलाटावर किंवा जिन्यावर धावलं तर ३० मिनिटं. रूळ ओलांडला किंवा दारात लटकलं तर जोडी तिथेच बाद, वय आणि ओळख न बघता. बायकांच्या जोड्यांना लेडीज डब्यातून जायची मुभा द्या. त्यात थोडा फायदा होतो, तो होऊ द्या. परळ आणि प्रभादेवीमधला पादचारी पूल आमच्या मार्गात येतो, तिथे आम्ही दोन माणसं उभी करतो.

शेवटचं काम आठवणीचं ठेवा, आणि ते सोसायटीच्या आवारातच होऊ द्या. दिवसभरात पार केलेली स्टेशनं क्रमाने लावायची, तोरण तपासणाऱ्या मावशींचं नाव सांगायचं, झाकणावरचा आकडा आठवायचा. दिवसभर नुसतं पळत राहिलेली जोडी इथे अडकते आणि मागून आलेली, लोकांशी बोलत आलेली जोडी पुढे जाते. मागे पडलेल्याला वर येण्याची ही जागा आहे आणि ती त्याने स्वतः कमावलेली असते.

बक्षिसाच्या आधी सगळ्यांकडून एक कागद भरून घ्या. त्यावर दोनच प्रश्न: कुठे थांबावं लागलं, आणि कुठल्या कामात तुमचं काहीच चाललं नाही? जेवणं झाल्यावर हा कागद कुणी भरत नाही. वेळांच्या कागदांसोबत हे कागद एकाच फायलीत ठेवा आणि ती फाईल पुढच्या वर्षी शर्यत भरवणाऱ्या माणसाच्या हातात द्या.